प्रेमकादंबरी अर्ध्यात सोडायची कशी

आमच्या वाचनालयात परत आलेली कादंबरी कपाटात लावण्याआधी मी तिची कड बघते. पुस्तक मिटून पानांची बाजू उजेडाकडे धरली की सगळं दिसतं. पहिली साठ-सत्तर पानं हाताळून मळकट झालेली, थोडी फुगलेली, आणि तिथून पुढे एकदम पांढरी, करकरीत. मागच्या चिठ्ठीवर मात्र पंचवीस-तीस तारखांचे शिक्के. म्हणजे तेवढ्या घरी ते पुस्तक जाऊन आलं आणि बहुतेक घरांत साधारण एकाच जागी मिटलं.

पण काउंटरवर ‘कशी वाटली?’ असं विचारलं तर तसं कोणी सांगत नाही. ‘छान आहे, वेळच मिळाला नाही,’ म्हणतात आणि नजर चुकवतात. काही जण दंड भरून पुस्तक आणखी पंधरा दिवस ठेवून घेतात आणि त्या पंधरा दिवसांत दुसरंही काही वाचत नाहीत. गेली अकरा वर्षं मी शनिवार-रविवार त्या काउंटरवर बसते, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते. एक फसलेली प्रेमकादंबरी माणसाचा महिना खाते. कधी कधी वाचायची सवयच मोडते. पुस्तक सोडणं ही शिकायची गोष्ट आहे आणि ती शिकता येते, म्हणून इथे पहिल्यापासून सगळं लिहिते आहे.

प्रेमकादंबरी सोडणं सगळ्यात सोपं का

रहस्यकथा अर्ध्यात सोडली तर खून कोणी केला ते कळत नाही. चरित्र सोडलं तर माणसाचं पुढे काय झालं ते राहून जातं. प्रेमकादंबरीचं तसं नाही. अमेरिकेतल्या प्रेमकथा-लेखकांच्या संघटनेनं, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकानं, या प्रकाराची व्याख्या दोनच गोष्टींत केली होती: मध्यभागी प्रेमाची गोष्ट हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. म्हणजे शेवट आपल्याला पुस्तक उघडायच्या आधीच ठाऊक असतो. ती दोघं एकत्र येणार.

मग आपण वाचतो कशासाठी? ती एकत्र कशी येतात, त्यासाठी. नजरानजर, बोलणं, रुसवा, एकानं दुसऱ्यासाठी केलेली एखादी बारीकशी गोष्ट, सगळं त्या वाटेवर असतं. वाटेवरच काही हाती लागत नसेल तर मुक्कामाला पोचूनही लागणार नाही. ‘शेवटी छान होईल’ या आशेवर दोनशे पानं ओढत नेण्याला या प्रकारात तरी अर्थ नाही, कारण शेवटी छान होणारच असतं. वाईट कादंबरीतही होतं.

आधी मनातला काटा काढा

तरीही सोडवत नाही. याचं मूळ मला तरी आपल्या जेवणाच्या पंक्तीत दिसतं. ‘पानात काही टाकायचं नाही’ हे आपण चालायला लागल्यापासून ऐकत आलो. पुस्तकालाही पानंच असतात, आणि तो धाक कसा कोण जाणे, तिकडेही लागू झाला. पण आजी त्या वाक्यासोबत आणखी एक गोष्ट शिकवायची: नको असेल तर पानावर आडवा हात धर आणि ‘पुरे’ म्हण. वाढणारा रागावत नाही, पुढच्या पानाकडे जातो. शिवाय टाकलेलं अन्न वाया जातं, पुस्तक वाया जात नाही. तुम्ही चौसष्टाव्या पानावर ठेवलेली कादंबरी उष्टी होत नाही. दुसऱ्या कोणाला तरी ती पहिल्या पानापासून आख्खीच मिळते.

दुसरा काटा पैशांचा. तीनशे रुपये दिलेत, मग वसूल करायला नकोत का? हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली ओहायोमधल्या एका नाट्यहंगामाचा प्रयोग प्रसिद्ध केला. हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत, १५ डॉलरला दिली आणि काहींना सवलतीत. नाटकं तीच, पण पहिल्या अर्ध्या हंगामात पूर्ण पैसे दिलेले लोक जास्त वेळा हजर राहिले. भरलेले पैसे त्यांना खेचत होते. पुस्तकाचंही अगदी तसंच होतं. तीनशे रुपये तर दुकानातच गेले. आता तुमच्या हातात आहेत ते पुढचे आठ तास, आणि ते अजून खर्च झालेले नाहीत.

ही गोष्ट मी कितीही समजावली तरी लगेच पटत नाही, हे मला माहीत आहे. मलाही पटायला वेळ लागला. म्हणून पहिली कादंबरी सोडाल ती वाचनालयाची असू द्या, विकत घेतलेली नको. वर्गणी भरलेलीच असते, पुस्तक परत केलं की दुसरं मिळतं. सवय तिथे होते.

घरी आणण्याआधीची दहा मिनिटं

चांगलं सोडणं चांगल्या निवडीपासून सुरू होतं. कड बघायची युक्ती वर सांगितलीच. वाचनालयात ती जरूर वापरा. कड शेवटपर्यंत सारखी मळलेली असेल तर लोकांनी ते पुस्तक पुरं केलेलं आहे, आणि याहून प्रामाणिक अभिप्राय मला माहीत नाही.

मग पुस्तक मधेच उघडा आणि दोघं एकमेकांशी बोलताहेत असं एक पान शोधा. कोण काय बोललं ते सांगणाऱ्या नावांवर बोट ठेवून फक्त संवाद वाचा. कुठलं वाक्य तिचं आणि कुठलं त्याचं, हे ओळखता येतंय? येत असेल तर लेखकाला दोन माणसं दिसली आहेत. दोघंही एकाच सुरात, एकाच लांबीची वाक्यं बोलत असतील, तर पुढे प्रेमात पडतानाही ती तशीच बोलणार. ई-पुस्तकं वाचायच्या किंडलवर सुरुवातीचा साधारण दहा टक्के भाग नमुना म्हणून फुकट मिळतो. तो नुसता चाळू नका, त्यातही असा संवाद शोधा.

मलपृष्ठावरच्या मजकुरावर भिस्त ठेवू नका. तो बहुतेक वेळा लेखकाचा नसतोच.

मर्यादा ठरवा, आणि आधीच ठरवा

सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम जगभरातले वाचक वापरतात. कुठल्याही पुस्तकाला पन्नास पानं द्या. तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. मी बावन्न वर्षांची आहे, म्हणजे माझ्या वाट्याला अठ्ठेचाळीस. साठीच्या वाचकानं चाळीस द्यावीत. वय वाढेल तसा वेळ कमी उरतो आणि पारख वाढते, असा त्यामागचा साधा हिशेब.

नियम उत्तम आहे. पण प्रेमकादंबरीसाठी मी त्यात एक भर घालते: दोघांची दुसरी भेट होईपर्यंत वाचा. पहिली भेट जवळजवळ प्रत्येक लेखकाला साधते. पाऊस असतो, धक्का लागतो, कागद सांडतात, कोणाच्या तरी लग्नात ओळख होते. ती लिहिताना लेखकाचाच उत्साह इतका असतो की वाचकही वाहून जातो. खरी परीक्षा दुसऱ्या भेटीत असते. पहिल्या भेटीनंतर त्या दोघांच्या मनात काही घडलं का, ते एकमेकांना थोडं वेगळं बघतात का, ते इथे उघडं पडतं. तिथे नुसतं ‘तिचे डोळे’ आणि ‘त्याचे रुंद खांदे’ पुन्हा आले तर लेखकापाशी पहिल्या भेटीपुरतंच भांडवल होतं असं समजावं.

पन्नास पानं आणि दुसरी भेट यांतलं जे नंतर येईल तिथे थांबून निर्णय घ्या. पन्नास पानांत पहिली भेटही झाली नसेल तर आणखी वीस पानं द्या, त्यापुढे नाही. श्राव्य पुस्तक असेल तर साधारण दीड तास धरा. निर्णय मात्र रात्री अकराला अंथरुणात घेऊ नका. त्या वेळी कुठलंही पुस्तक कंटाळवाणं वाटतं. सकाळी चहाबरोबर दोन पानं वाचा आणि मग ठरवा.

मर्यादेपाशी विचारायचे प्रश्न

पहिला: ही दोघं एकत्र यावीत असं मला वाटतंय का? लेखकाला वाटतंय का ते सोडा, मला वाटतंय का? एकत्र न आल्यानं मला काहीच फरक पडणार नसेल तर या प्रकारात पुढे वाचण्यासारखं दुसरं काही उरत नाही. दुसऱ्या प्रकारच्या कादंबऱ्यांत निवेदन, इतिहास, एखादं गाव आपल्याला धरून ठेवतं. इथे धरून ठेवणारी ही एकच दोरी असते.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: त्यांच्यामध्ये आलेली गाठ निरगाठ आहे की सुरगाठ? सुरगाठ एक टोक ओढलं की सुटते. त्यानं तिला दुसऱ्या कोणाबरोबर हॉटेलात पाहिलं, तो होता तिचा मावसभाऊ, आणि या एका गैरसमजावर दीडशे पानं. एक फोन केला असता तर कादंबरी संपली असती. ही सुरगाठ. निरगाठ म्हणजे ती मुंबईची नोकरी सोडू शकत नाही कारण घरात कमावणारी तीच, आणि तो गावची बाग सोडू शकत नाही कारण वडिलांनी ती कर्ज काढून लावली. दोघंही बरोबर आहेत. फोननं काही सुटणार नाही, कोणाला तरी बदलावं लागेल. मी सोडलेल्या कादंबऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त सुरगाठीमुळे सोडल्या आहेत.

तिसरा: एकमेकांशिवाय त्यांना काही आयुष्य आहे का? नायक डॉक्टर आहे म्हणे, पण एकशेवीस पानांत एकदाही दवाखान्यात गेला नाही. नायिका बँकेत आहे, पण मार्चअखेर कधी येत नाही. काम, घर, मित्र, कशाचंच ओझं नसलेली माणसं प्रेमात पडली तरी त्यांचं काही पणाला लागत नाही.

हळू आणि थांबलेली, यात घोटाळा करू नका

इथे मात्र घाई करणाऱ्या वाचकाला मी थांबवते. काही कादंबऱ्या हळू चालतात आणि तोच त्यांचा आनंद असतो. जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही इंग्रजी कादंबरी १८१३ साली आली. तिची एकसष्ट प्रकरणं आहेत आणि नायक डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ती चौतिसाव्या प्रकरणात, अर्ध्याच्या पुढे. आणि तिथेही नकारच मिळतो. तरी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक भेटीनंतर नायिका एलिझाबेथचं त्याच्याविषयीचं मत थोडंसं सरकतं, कधी चुकीच्या दिशेला का होईना.

ओळखायची रीत सोपी आहे. कुठल्याही लागोपाठच्या दोन भेटी घ्या आणि स्वतःला एका वाक्यात सांगा की दुसऱ्या भेटीत काय बदललं. वाक्य सुचलं तर कादंबरी हळू आहे, तिला वेळ द्या. ‘काही नाही, पुन्हा भांडले’ एवढंच सांगता आलं तर ती थांबलेली आहे.

दुसरी सावधगिरी पाऊणपट वाचून झाल्यावरची. पामेला रेजिस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी २००३ साली प्रेमकादंबरीचे आठ घटक मांडले. आजूबाजूचा समाज, भेट, अडसर, ओढ, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, अडसर दूर करणारी उमज आणि शेवटी वाग्दान. क्रम पुढेमागे होतो, पण ‘सगळं संपलं’ हा क्षण सहसा शेवटच्या चतुर्थांशाच्या तोंडाशी येतो. ताटातूट होते आणि आपला जीव कासावीस होतो. नेमकं तिथे पुष्कळ वाचक पुस्तक मिटतात आणि ‘बोअर झालं’ म्हणून परत करतात. नीट विचारलं तर कळतं की बोअर झालेलं नसतं, बघवत नसतं. तेव्हा पाऊण वाटेवर सोडावंसं वाटलं तर स्वतःला विचारा: मला कंटाळा आलाय की दुखतंय? दुखत असेल तर कादंबरी तिचं काम करते आहे. एक रात्र जाऊ द्या आणि पुढे वाचा. तिथवर आणूनही ताटातुटीचं काहीच वाटत नसेल, तर मात्र पाऊण झाली म्हणून पुरी करू नका.

जिथे पानं मोजायची नाहीत

ती नको म्हणते आणि तो मनगट धरून ठेवतो. ती घर बदलते आणि तो पत्ता काढून दारात उभा राहतो. आणि कादंबरी याला प्रेम म्हणते, पार्श्वभूमीला चांदणं लावते. अशी कादंबरी सतराव्या पानावर असो की दोनशेसतराव्या, मी तिथल्या तिथे मिटते.

नायक दोषी असू नये असं माझं म्हणणं नाही. संतापी, संशयी, भित्री माणसंही प्रेम करतात आणि त्यांच्यावर चांगल्या कादंबऱ्या आहेत. बघायचं ते इतकंच की हे चुकतंय हे पुस्तकाला कळतंय का. तिच्या भीतीला पुस्तकात जागा आहे का, कोणी त्याला अडवतं का, त्याला त्याची किंमत मोजावी लागते का. लेखकाला कळत असेल तर वाचत राहा. लेखकालाच ते गोड वाटत असेल तर तुम्ही त्याला आणखी एकही संध्याकाळ देणं लागत नाही. आमच्याकडे कॉलेजच्या मुली येतात. त्यांना मी हे आवर्जून सांगते.

दोष पुस्तकाचा, की भाषांतराचा, की दिवसाचा?

नायिकेच्या पोटात फुलपाखरं उडाली, असं मराठी प्रेमकथेत दिसलं की मी मुखपृष्ठ उलटून भाषांतरकाराचं नाव शोधते. मराठी माणसाच्या पोटात भीतीनं गोळा येतो. प्रेमात काळजाचा ठोका चुकतो, छातीत धडधडतं, कानाच्या पाळ्या तापतात. फुलपाखरं इंग्रजीतून जशीच्या तशी आलेली असतात. अशी चार-पाच वाक्यं सापडली तर कंटाळा मूळ गोष्टीचा नसू शकतो. इंग्रजी किंवा हिंदी वाचता येत असेल तर त्या भाषेत तीच कादंबरी वीस पानं वाचून बघा. ती धरून ठेवते आहे असं दिसलं तर मराठी प्रत सोडा, गोष्ट सोडू नका.

दिवसाचा दोषही असतो. आईच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर मी एक कादंबरी चार वेळा सुरू केली आणि चारही वेळा अडतिसाव्या पानावर अडकले. त्या महिन्यात मला कुणाच्याच प्रेमाचं काही वाटलं नसतं. अशा वेळी पुस्तक सोडायचं नाही, बाजूला ठेवायचं. दोन्हींतला फरक असा की बाजूला ठेवलेल्या पुस्तकाला परत उघडायची तारीख देतात. मी ‘दिवाळीनंतर’ असं लिहिलं होतं आणि दिवाळीनंतर ती तीन दिवसांत संपवली. फार सुंदर होती.

मोबाइलवरच्या मालिकांचं वेगळं आहे

आता आपल्याकडे पुष्कळ प्रेमकथा ॲपवर भागाभागानं येतात. रोज एक भाग, तीन-चार मिनिटांचा, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दारावर टकटक. मी स्वतः अशा एका मालिकेचे एकशे त्रेचाळीस भाग वाचले. कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, श्रीमंत नवरा, जाच करणारी सासू. पहिले तीस भाग खरोखर मन लावून लिहिलेले होते, म्हणून तर अडकले. पुढे पुढे मी केवळ टकटक कोणाची ते बघायला उघडत होते, आणि पुढचा भाग आजच हवा असेल तर कॉइन्स, म्हणजे ॲपचं चलन, मोजत होते.

इथे पानांची मर्यादा कामाला येत नाही, कारण शेवट कुठे आहे हे कोणालाच माहीत नसतं, अनेकदा लिहिणाऱ्यालाही नाही. म्हणून पाच भागांची कसोटी लावा. नुकतेच वाचलेले पाच भाग आणि शंभर भागांपूर्वीचे पाच भाग शेजारी ठेवून चाळा. मी चाळले. तेच भांडण, तोच जिना, तीच बंद झालेली खोली. सासूच्या साडीचा रंग तेवढा बदलला होता. त्या संध्याकाळी मी मालिकेची सूचना बंद केली आणि ती ॲपमधल्या माझ्या यादीतून काढून टाकली. सूचना बंद करणं सगळ्यात गरजेचं. फोन वाजत राहिला तर सोडलेली मालिका सुटत नाही. पूर्ण झालेल्या मालिकांची वेगळी यादी अशा ॲपवर बहुधा असते. नव्यानं या नादी लागणाऱ्यांनी तिच्यातूनच निवडावं.

सोडण्याआधी एक प्रयत्न

पुस्तकात काहीतरी आहे असं वाटतंय पण सरकत नाही, तर ‘भेट ते भेट’ वाचून बघा. दोघं एकत्र नसलेली पानं नुसती नजरेखालून घाला आणि पुढच्या भेटीवर थांबा. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यात पानं गाळण्याचा हक्क आहे आणि पुस्तक पुरं न करण्याचाही. अशा तीन भेटी वाचल्या आणि तिसरीनंतर मागची गाळलेली पानं वाचावीशी वाटली, तर पुस्तक जिवंत आहे. नाही वाटली तर आता मनात किंतू ठेवू नका.

प्रत्यक्ष सोडताना

१९२७ साली ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी असं नोंदवलं की पुरी झालेली कामं माणूस विसरतो, अर्धवट राहिलेली डोक्यात घोळतात. पुढच्या सगळ्या प्रयोगांत ते तितकं ठळक दिसलं नाही, पण अर्ध्यात ठेवलेलं पुस्तक उशाशी टोचत राहतं हा अनुभव कोणाला नाही? त्यावर माझा उपाय आहे: शेवटचं प्रकरण वाचून टाका. शांतपणे, पहिल्या ओळीपासून. शेवट ठाऊकच होता, त्यामुळे काही बिघडत नाही. गाठ कशी सुटली तेवढं कळतं आणि मन मोकळं होतं. क्वचित असंही होतं की शेवटच्या प्रकरणातली ती दोघं इतकी वेगळी, इतकी जवळची वाटतात की इथवर ती कशी आली हे जाणून घ्यावंसं वाटतं. तसं झालं तर मागे फिरा. माझ्या बाबतीत अकरा वर्षांत तीनदा झालं.

मग वहीत दोन ओळी लिहा. पान आणि कारण, बस. माझ्या वहीतल्या काही नोंदी:

पान ६४. सोडली. दुसऱ्या भेटीत तेच संवाद.
पान ११२. सोडली. सुरगाठ. मावसभाऊ!
पान १७. मिटली. मनगट.
पान २०३. सोडली. तिची मैत्रीण जास्त आवडली, तिची गोष्ट कुठे आहे?

कारण ‘कंटाळवाणी’ असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. नेमकं कुठे मन उठलं ते लिहा. वीसेक नोंदी झाल्या की त्या एका बैठकीत वाचा. मला वाटायचं की अबोल, गूढ नायक मला आवडतात. वही वाचली तर सोडलेल्या बावीस कादंबऱ्यांतल्या नऊंमध्ये नायक अबोल होता. मला बोलणारी माणसं आवडतात, घासाघीस करणारी, चिडवणारी, चूक झाली की तोंडानं कबूल करणारी. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेव्हापासून कपाटापुढे उभी राहिले की माझा हात बरोबर पुस्तकावर जातो.

आणखी एक. सोडण्याआधी पुढचं पुस्तक हाताशी असू द्या. मधे चार दिवस रिकामे गेले की फोन ती जागा घेतो.

माणसांना काय सांगायचं

जिवाभावाच्या मैत्रिणीनं डोळ्यांत पाणी आणून दिलेली कादंबरी नावडली तर खोटं बोलू नका आणि निकालही देऊ नका. ‘मी नव्वदाव्या पानावर थांबले, मला तो कळेना. तुला त्याच्यातलं काय आवडलं?’ असं विचारा. आमच्याकडच्या एका आजींना मी असं विचारलं, तर त्या पाऊण तास बोलल्या. तो नायक त्यांच्या गेलेल्या मिस्टरांसारखा होता. मी ती कादंबरी पुढे वाचली नाही, पण पुन्हा कधी तिला वाईट म्हटलं नाही.

ओळखीच्या लेखिकेनं सही करून दिलेलं पुस्तक असेल तर जेवढं वाचलंत त्यातलं खरंच आवडलेलं एक काहीतरी नेमकेपणानं सांगा, एखादं वाक्य, एखादं घर. तेवढं पुरतं. तिनं खोदून विचारलं तर सुरगाठीचंही सांगा. नुसत्या कौतुकापेक्षा ते तिच्या पुढच्या पुस्तकाला कामाला येईल.

ऑनलाइन तारे द्यायचे तर किती पानांवर सोडलं ते लिहा. चाळीस पानं वाचून आख्ख्या पुस्तकाला एक तारा देणं मला अन्यायाचं वाटतं. न दिला तर काही अडत नाही. किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे वर्गणी भरून वाचायच्या किंडलच्या योजनेत, २०१५ पासून लेखकाला वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात, म्हणजे तिथे तुम्ही कुठे थांबलात ते आपोआप नोंदलं जातं. किंडलवर विकत घेतलेलं पुस्तक फसलं तर पहिल्या सात दिवसांत परतावा मागता येतो. पण फार वाचून झाल्यावर मागणं बरोबर नाही, म्हणून पन्नास पानांचा निर्णय त्या आठवड्यातच घ्या. छापील पुस्तक वाचनालयाला द्या. वाचनालयाचं असेल तर तारखेची वाट न बघता परत करा, कारण त्यासाठी कोणीतरी नाव लावून ठेवलेलं असू शकतं. आणि काउंटरवरच्या बाईंनी विचारलं तर ‘वेळ नाही मिळाला’ म्हणू नका. ‘चौसष्टाव्या पानावर सोडली’ असं सांगा. पुढच्या खेपेला त्या तुमच्यासाठी दुसरं काहीतरी काढून ठेवतील.

पुन्हा हातात आली तर

सव्विसाव्या वर्षी मी एक कादंबरी नव्वदाव्या पानावर सोडली होती. पन्नाशीतल्या दोन माणसांची, दोघंही एकदा संसार करून एकटी पडलेली. कुलूप दुरुस्त करायला तो तिच्या घरी येतो आणि चहा पिऊन जातो, असं काहीसं. मला त्यात काहीच घडत नाही असं वाटलं. गेल्या वर्षी आईचं कपाट आवरताना ती सापडली, आत खुणेला बसचं तिकीट तसंच. मी खुणेपासून वाचायला लागले आणि चार पानांत पुन्हा अडखळले. मग तिकीट काढलं आणि पहिल्या पानावर गेले.

म्हणून सोडलेली कादंबरी परत घेतली तर खुणेपासून सुरू करू नका. जिथे मन उठलं होतं तिथूनच सुरुवात केली तर तोच जुना कंटाळा आधी समोर येतो. खूण काढून टाका, पहिल्या पानापासून नव्यानं वाचा आणि पन्नास पानांची मोजणीही नव्यानं करा. मी नव्वदाव्या पानापाशी पोचले तेव्हा तो कुलूप दुसऱ्यांदा दुरुस्त करायला आला होता, आणि या वेळी मला दिसलं की कुलूप बिघडलेलंच नव्हतं.